सासऱ्यांच्या पिकअपचा गंज मी कसा काढला

एका गावात एक भोळा माणूस होता. गावाचं नाव मुरवणे. माणसाचं नाव सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तो मीच. लवू पावसकर. भोळा हा शब्द माझ्या आईचा. बायको दुसरा शब्द वापरते. तो तुम्हाला पुढे आपोआप सुचेल.

मुरवणे खाडीच्या तोंडाशी आहे. इथे हवेतच मीठ असतं. नवं कुलूप दोन पावसाळे काढतं, मग किल्ली फिरत नाही. खिळे, पत्रे, सायकली, सगळं तांबडं होतं. आम्ही त्याकडे लक्ष देत नाही. मी तर मुळीच देत नव्हतो.

सासरे वारले तेव्हा त्यांची पिकअप आमच्याकडे आली. अठरा वर्षांची गाडी. सासरे तिच्यातून धक्क्यावरची मासळी तालुक्याच्या बाजारात न्यायचे आणि माझी बायको शेवंती त्यांच्या शेजारी बसून जायची. आता मी चालवतो, ती विकते. वाडीतल्या आणखी पाच जणींचे बांगडे, मांदेली, सौंदाळे याच गाडीतून जातात. म्हणजे ही एक गाडी बसली तर सहा चुली बसतात. हे मला माहीत होतं. मला पुष्कळ गोष्टी माहीत असतात.

एकदा मी गाडी पुसत होतो. पुसता पुसता माझा अंगठा मडगार्डमधून आत गेला. मला वाटलं, तिथे अंगठ्यासाठी जागा ठेवलेली असेल. मी दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे नव्हती. म्हणून मी तिथेही अंगठा दाबला, तर तोही गेला. मी समाधानाने शेवंतीला बोलावून दाखवलं.

तिने दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली की तीन महिन्यांनी गाडीचं पासिंग आहे. सरकारी साहेब गाडी तपासतात, ठीक वाटली तर चालवू देतात, नाहीतर गाडी जाते भंगारात. तेव्हा आजच्या आज शमशूचाचांकडे घेऊन जा.

शमशूचाचा आमच्याकडचे वेल्डर. पत्र्याचं काम त्यांच्यासारखं कुणी करत नाही. ते बॅटरी घेऊन गाडीखाली पाठीवर झोपले आणि खालूनच बोलू लागले. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी गळतं, ते फळ्यांच्या फटीतून खाली चॅसीवर पडतं. चॅसी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब लोखंडी तुळया, सगळी गाडी त्यांच्यावर उभी. त्याच आतून खाल्ल्या जात होत्या. हातातलं काम संपलं की दुरुस्तीला घेतो, तोवर सांभाळ, असं सांगून ते बाहेर आले आणि कपडे झटकत म्हणाले, "पाणी हा गाडीचा वैरी. थेंबसुद्धा लागू देऊ नकोस."

मी म्हटलं, कळलं चाचा. आणि मला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीला पाणी लागू दिलं नाही. धुणं बंद केलं. काच कोरड्या फडक्याने पुसू लागलो. रेडिएटरमध्ये रोज तांब्याभर पाणी घालायची सासऱ्यांची पद्धत होती, कारण तो थोडा गळायचा. तेही बंद केलं. उलट त्याच्यात होतं तेवढं पाणी खालची तोटी उघडून काढून टाकलं. इतकी वर्षं वैरी आपण स्वतःच्या हाताने आत घालत होतो याचं मला वाईट वाटलं.

बाजाराला जाताना खिंडीच्या चढावर बॉनेटमधून वाफ आली. मला वाटलं, मागच्या बर्फाची असेल. शेवंती म्हणाली, बर्फ मागे आहे, वाफ पुढे आहे. तेवढ्यात गाडी थांबली.

आम्ही तीन तास उन्हात उभे होतो. बर्फ वितळला. बांगड्यांचे डोळे पांढरे झाले. खिंडीतल्या मांजरांना तो दिवस अजून आठवत असेल.

चाचांनी गाडी दोराने ओढून आणली. इंजिन उघडून पाहिलं. थोडक्यात वाचलं होतं. ते रागावले नाहीत, ते सहसा रागावत नाहीत. मला शेजारी बसवून त्यांनी समजावलं की बाहेरचं पाणी वेगळं आणि आतलं पाणी वेगळं. आतलं पाणी गाडीला हवंच. रोज सकाळी बघायचं, कमी वाटलं की भरायचं, तोंडापर्यंत.

मी म्हटलं, कळलं चाचा.

आठवड्याने क्रेट धुताना पाइपाचं पाणी गाडीवर उडालं. मी दार लावलं तर आतून खळखळ ऐकू आली. कान लावला. डाव्या दारात पाणी होतं. काचेच्या फटीतून शिरलेलं, आणि दाराच्या तळाशी चिखल बसलेला, म्हणून बाहेर पडत नव्हतं. हे मला नंतर सांगण्यात आलं. त्या वेळी मला एवढंच समजलं की हे आतलं पाणी आहे. आणि ते निम्म्यालाच आहे.

मी घरातून झारी आणली. काचेच्या फटीतून हळूहळू भरलं, तोंडापर्यंत. मग उजवं दार हलवून पाहिलं. त्यात काहीच नव्हतं. इतके दिवस ते कोरडं कसं राहिलं कोण जाणे. तेही भरलं. त्यानंतर रोज सकाळी रेडिएटर, मग डावं दार, मग उजवं दार, असा माझा क्रम झाला. दारं जड झाली. लावताना घट्ट, भरीव आवाज यायचा. नव्या गाडीसारखा. मी शेवंतीला तो आवाज ऐकवला. तीही म्हणाली, चांगला येतोय. तिला काय माहीत.

एका सकाळी पाध्ये गुरुजी रस्त्यात भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. त्यांना तालुक्याला डोळे तपासायला जायचं होतं. मी आदराने त्यांना पुढे बसवून नेलं. दवाखान्यापाशी गुरुजी उतरले आणि त्यांनी दार लावलं. जरा जोराने लावलं, कारण जड होतं. दाराचा तळ सुटला. आधी तांबडा पत्रा त्यांच्या पायाशी पडला आणि मागोमाग दहा-बारा लिटर तांबडं पाणी आलं.

गुरुजींनी मला चौथीत दोनदा बसवलं होतं. ते धोतराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "लवू, तुला तिसऱ्यांदा बसवायला हवं होतं."

चाचांनी दाराला नवा तळ लावून दिला. या वेळी त्यांनी मला खाली वाकवून दाखवलं. दाराच्या बुडाला कंपनीनेच बारीक भोकं ठेवलेली असतात. चॅसीलाही असतात. आत शिरलेलं पाणी त्यातून निघून जातं. ती बुजली की पाणी साचतं, पाणी साचलं की गंज. म्हणून जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे बुडाला भोक मोकळं पाहिजे.

मी म्हटलं, कळलं चाचा. चाचा म्हणाले, परत एकदा म्हणून दाखव. मी म्हणून दाखवलं. साचलं की बुडाला भोक. एक शब्द चुकला नाही.

माझा मेहुणा हरेश्वर, शेवंतीचा धाकटा भाऊ, त्याच आठवड्यात कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. तिथून त्याचा फोन आला. धक्क्याला त्याची लहान लाकडी होडी बांधलेली होती. तिच्यात पाणी साचलं असेल, भावजी, जरा काढून टाका, असं म्हणाला.

मी जाऊन पाहिलं. साचलं होतं, वीतभर. डबा घेऊन उपसत बसणं मला जुनाट वाटलं. मला आता शास्त्र माहीत होतं. मी सुताराकडून गिरमिट मागून आणलं आणि होडीच्या बुडाला चार भोकं पाडली. मग काठावर बसून पाणी जायची वाट बघू लागलो.

पाणी जाईना. उलट वर येऊ लागलं. मी विचार केला. पाणी पुष्कळ आहे आणि भोकं थोडी, म्हणून निघायला वेळ लागतोय. आणखी चार पाडली.

होडी फार शांतपणे खाली गेली. मी शेवटपर्यंत तिच्यातच होतो, गिरमिट घेऊन. धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही. मला वाटलं, माझ्या कामाचा आदर म्हणून.

ओहोटीला होडी वर काढली. दुसऱ्या दिवशी हरेश्वर आला. बहिणीचा नवरा म्हणून तो मला एक वावगा शब्द बोलला नाही, पण भोकं बुजवताना त्याने मला दिवसभर समोर बसवून ठेवलं. सुतळी भरायची, वर गरम राळ ओतायची. काम संपल्यावर उरलेली राळ माझ्या हातात देऊन म्हणाला, "भावजी, आयुष्यात एवढंच लक्षात ठेवा. भोक दिसलं की बुजवायचं. पाडायचं नाही."

हे चाचांच्या सांगण्याच्या बरोबर उलटं होतं. पण चाचा वेल्डर आणि हरेश्वर खलाशी. पाण्यातलं खलाशालाच जास्त कळणार. शिवाय हे सोपं होतं.

मी घरी आलो आणि त्या राळेने गाडीची भोकं बुजवायला बसलो. मडगार्डची दोन, माझ्या अंगठ्यांची. दारांच्या बुडाची सगळी. चॅसीची सापडली तेवढी. किल्लीचं भोक राहिलं होतं, ते बुजवलं. मग मागे गेलो, तर तिथे एक चांगलं मोठं भोक होतं, मनगट जाईल एवढं, सायलेन्सरच्या टोकाला. इतकं मोठं भोक आजवर कुणाच्या नजरेला कसं पडलं नाही याचं मला नवल वाटलं. तिथे सगळी उरलेली सुतळी आणि सगळी उरलेली राळ गेली.

सकाळी दार उघडेना. मी खिडकीतून आत शिरलो. गाडी सुरू केली, तर खोकून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा मी पाय दाबून धरला. सायलेन्सर मुळात गंजलेला. तो मधोमध फुटला. आवाज असा झाला की धक्क्यावरच्या माणसांना वाटलं, बर्फाचा कारखाना उडाला.

शेवंती पाटी घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. पाटी खाली ठेवून पायरीवर बसली. मला म्हणाली, "माझ्या बाबांनी ही गाडी पहिल्यांदा मला धुवायला दिली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. या गाडीवर त्यांनी आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. गंज तिला जेवढं खाऊ शकला नाही तेवढं तुम्ही दोन महिन्यांत खाल्लंत."

पहिल्यांदाच मला वाटलं की मला कळलं नाही. सासरे मला शेवटच्या आजारात एवढंच म्हणाले होते की गाडी चालती ठेव. मी ती ठेवली नव्हती. ते माझ्या मनाला फार लागलं. दोन दिवस मला मासळी गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी शेवंती स्वतः माझ्याबरोबर चाचांकडे आली. चाचांना म्हणाली, महिना उरलाय, आता काय ते एकदाच करा, आणि यांना एका वेळी एकच काम सांगा. चाचांनी मान्य केलं.

पहिलं काम त्यांनी मला दिलं ते ठोकून बघायचं. गंजाचं वरून काही कळत नाही, रंगाखाली तो लपून बसतो. लहान हातोडी घ्यायची आणि ठोकत जायचं. खणखण वाजलं तर लोखंड शाबूत. भद्द वाजलं तर आतून गेलेलं, तिथे खडूने फुली मारायची. फुली मारलेलं सगळं चाचा कापणार आणि नवा पत्रा लावणार.

मी संध्याकाळपर्यंत ठोकत होतो. चॅसीवर पाच ठिकाणी भद्द वाजलं. तिथे फुल्या मारल्या, आणि त्या पाचही बरोबर होत्या, हे चाचांनी नंतर कबूल केलं. पण गाडीची खरी दुर्दशा मला वेगळीच दिसली. चारही टायर भद्द. स्टेपनी भद्द. सीट तर पूर्ण गेलेली. मी जड मनाने सगळीकडे फुल्या मारल्या आणि चाचांना सांगितलं की हिच्यात फारसं काही उरलेलं नाही.

चाचा फुल्या बघत गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग फडकं घेऊन टायर आणि सीट पुसली, आणि चॅसीच्या कामाला लागले. आठ दिवस वेल्डिंग चाललं. कुजलेले तुकडे कापले, जाड पत्रा बसवला, मडगार्ड बदलले, नवा सायलेन्सर लावला, दाराच्या बुडाची भोकं गरम सळईने मोकळी केली.

शेवटी घासायचं काम उरलं. ते चाचांनी पूर्ण माझ्यावर सोपवलं. त्यांनी मला ग्राइंडर दिला, पॉलिश पेपर दिला, डोळ्यांना चष्मा दिला. सांगितलं की पूर्ण चॅसीवरून बोट फिरव. जिथे खडबडीत लागेल तिथे घास. गंजाचा एक खड्डा जरी राहिला तरी रंगाखालून तो पुन्हा उठतो. बोटाला आरशासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. मग गंज रोखणारं रेड ऑक्साइड, मग काळा रंग.

मी म्हटलं, कळलं चाचा. जरा दबकत म्हटलं.

पण या वेळी मी चुकलो नाही. सहा दिवस मी गाडीखाली होतो. इंच इंच बोट फिरवलं. हाताची कातडी गेली, केसांत लोखंडाची धूळ बसली, जेवताना तोंडात गंजाची चव यायची. आधी चॅसी केली, मग कुणी सांगितलं नसताना बॉनेट उघडून इंजिनपर्यंत गेलो. सातव्या दिवशी रंग दिला. शेवंतीने गाडीखाली हात घालून फिरवला. बराच वेळ फिरवला. मग घरात गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन तिथेच अंगणात आली. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली, तिने चहा अंगणात कधी आणला नव्हता.

पासिंगच्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. नवी साडी नेसली होती. गाडी रांगेत उभी केली. आमच्या पुढे सहा गाड्या होत्या, त्यातल्या दोन परत गेल्या.

तपासणारे साहेब उंच, कमी बोलणारे. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला. मग बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले. बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते. खालूनच म्हणाले की खाऱ्या पाण्याच्या गाडीची अशी चॅसी त्यांनी आजवर पाहिली नाही. कुणी केलं हे काम, विचारलं. शेवंती म्हणाली, "आमच्या यांनी." ते शब्द तिने सगळ्या रांगेला ऐकू जातील असे उच्चारले.

मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

मग साहेबांनी कागद पुढे घेतला आणि उजव्या बाजूच्या चाकापाशी बसले. तिथे त्यांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. खिशातला रुमाल काढून पुसलं. मग विचारलं, "इथला चॅसी नंबर कुठे गेला?"

मी वाकून पाहिलं. ती जागा मला चांगली आठवत होती. "साहेब, तिथे फार खाल्लं होतं," मी म्हणालो. "ओळीने खड्डे पडले होते. सतरा मोजले मी. एक अख्खा दिवस घासलं तेव्हा गेले."

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं की ते खड्डे अक्षरांसारखे, आकड्यांसारखे दिसत होते का. मी म्हटलं, हो, एक तर हुबेहूब आठासारखा होता, गंज कसाही पसरतो.

त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिनवरही एक नंबर असतो, तो ते शोधत होते. तिथेही त्यांचा हात गुळगुळीत जागेवरून फिरत राहिला. मी त्यांना मदत व्हावी म्हणून सांगितलं की तिथे दहाच होते, ते अर्ध्या दिवसात निघाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन महिने खेटे घातले, अर्ज केले, चाचांनी येऊन जबानी दिली, तेव्हा परवानगीने नवा नंबर ठोकून मिळाला आणि दिवाळीनंतर गाडी पास झाली. तोवर सहा जणींची मासळी दुसऱ्याच्या टेम्पोतून गेली. गाडी आजही चालते. हातात घासायचं काही असलं तर नंबराच्या दहा हातांच्या आत मला जाऊ देत नाहीत.

पण त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. साहेबांनी कागद टेबलावर ठेवले. म्हणाले की चॅसीवर नंबर नाही, इंजिनवर नंबर नाही, तेव्हा कागदावरची गाडी ती हीच, हे त्यांनी मानायचं कशावरून. चोरीच्या गाडीचे नंबर लोक असेच घासतात. एखादी खात्रीची खूण आहे का?

मी विचार करू लागलो. शेवंती पुढे झाली. तिने साहेबांना सगळं सांगितलं. रेडिएटर, दारातलं पाणी, गुरुजींचं धोतर, होडी, सायलेन्सर, टायरवरच्या फुल्या. काही गाळलं नाही. रांगेतले लोक जवळ आले. मग ती म्हणाली, "साहेब, चोराला एवढं सुचत नाही. अशी गाडी आणि असा माणूस सगळ्या तालुक्यात एकेकच आहे, आणि दोन्ही माझ्याच घरी आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन काढून तिचं सगळं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि वरील मजकूर खरा असल्याबद्दल खाली माझी सही मागितली.

मी वाचून पाहिलं. त्यात चूक काहीच नव्हती. मी सही केली.